त्यांची गाडी, माझी कंबर

ती गाडी मी सूड म्हणून घेतली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई मोठी हौशी होती. हौस वगैरे काही नव्हती. मला गिरगावातल्या एका माणसाला जळवायचं होतं.

तो माणूस म्हणजे माझा पहिला मालक. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले, आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात. मी स्कॉलरशिपवर शिकून डॉक्टर झाले आणि गिरगावातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरीला लागले. बायकांना मी पडद्याआड तपासायचे आणि पडद्याच्या अलीकडे खुर्चीत बसून निदान ते सांगायचे. मला ते ‘बाई’ म्हणत. ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नाही. पेशंटांना वाटे, मी नर्स असेन.

त्यांच्याकडे एक उघडी गाडी होती. विलायतेला परतणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली, दोनच माणसांची, गडद हिरवी, लांब नाकाची. ते ती दवाखान्यासमोर लावत आणि वाडीतली पोरं भोवती उभी राहत.

एकदा माझगावहून बोलावणं आलं. गोदीतल्या एका माणसाची बायको अडली होती. डॉक्टरांनी गाडी काढली. मी हत्यारांची पेटी घेऊन फुटपाथवर उभी. त्यांनी शेजारच्या सीटवर आपली चामड्याची बॅग ठेवली, ती नीट टेकवली आणि म्हणाले, “तुम्ही ट्रामने या, बाई.”

मी पेटी घेऊन ट्रामने गेले. पोचले तेव्हा त्या घरातली सगळी माणसं दारात माझी वाट पाहत होती. त्यांच्यासमोर डॉक्टर म्हणाले, “हे गिरणीतलं काम नव्हे बाई, केव्हाही उगवायला.”

गिरणीत भोंग्यानंतर पोचलं तर माझ्या आईला गेटवरून परत पाठवत, खाडा लागायचा. हे त्यांना कुठून माहीत असणार! बाळ बाहेर काढलं, मीच काढलं, आणि घरी आल्यावर नोकरी सोडायची ठरवलं. शेवटच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, “लालबागेतच बरं चालेल तुमचं.”

चाललंही. आमच्या चाळीखालच्या एका गाळ्यात मी दवाखाना थाटला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. आज मोर्चा, उद्या हरताळ. लाठी खाल्लेली डोकी, अश्रुधुराने सुजलेले डोळे, सगळे आधी माझ्याकडे यायचे. लालबाग-परळात मला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून ओळखू लागले. पण माझगावची ती दुपार माझ्या मनातून हलली नाही. रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ती सीट डोळ्यांसमोर यायची.

अशात कळलं, डॉक्टर गाडी विकताहेत. दलाल सांगत होता, साहेब मोठी गाडी घेणार आहेत. मी थोरल्या भावाला म्हटलं, ती गाडी मला हवी. भाऊ एका गिरणीमालकाच्या घरी ड्रायव्हर होता. मला गाडी शिकवलेली त्यानेच. तो गाडी बघून आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

“बाय, नको घेऊस. शर्यतीसाठी बनवलेली गाडी ही. आधीच कमानी कडक, त्यात आता पार बसल्यात. सीटमध्ये काथ्या उरला नाही. गालिच्यावर चालवायची गाडी आहे, लालबागच्या रस्त्यावरची नाही.”

“घे म्हणते ना.”

त्याने त्याच्या नावावर व्यवहार केला. माझं नाव कळलं असतं तर डॉक्टरांनी ती विकली नसती, असं मला वाटत होतं.

पहिला दिवस छान गेला. चाळीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. आईने नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून मला गाडी कळायला लागली. सीट इतकी खाली, की रस्त्यावरून सरपटत गेल्यासारखं वाटे. पाय समोर ताठ लांब करायचे आणि क्लच असा जड, की डावा गुडघा संध्याकाळी सुजायचा. ट्रामचा रूळ ओलांडला की दणका दाढेपर्यंत यायचा. जुन्या दगडी फरसबंदीवर तर स्टिअरिंग हातात धडधडायचं, कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. वरचं हूड अर्ध्यात अडकायचं. गिरण्यांची काजळी आणि कापसाची तूस डोक्यावर पडायची, पदर वाऱ्याने तोंडावर यायचा. आणि ज्या कामासाठी डॉक्टरला गाडी लागते ते तर होईचना. अडलेल्या बाईला हॉस्पिटलात न्यायचं तर त्या खड्ड्यात तिला बसवणार कशी?

एकदा आईला दादरला नेलं, हिंदमात्याला लुगडं घ्यायला. परतताना ती उतरली ती दाराला धरूनच. म्हणाली, “बाय गो, ह्याच्यापरास गावचो बैलगाडो बरो.” त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही.

महिन्याभरात माझी कंबर धरली. सकाळी उठताना भिंतीचा आधार लागायचा. पश्चात्ताप झाला का? गाडीचा झाला, भरपूर झाला. पण ती विकायच्या आधी ज्यासाठी घेतली ते करायचं होतं. मी चांगली साडी नेसले, गिरगावात गेले आणि दवाखान्यासमोरून सावकाश गाडी नेली. डॉक्टर वर गॅलरीत उभे होते. मला वाटलं होतं, चेहरा पडेल. त्यांनी मला ओळखलं, गाडीकडे पाहिलं आणि हसले. चक्क मनापासून हसले.

“काय बाई, कंबर कशी आहे?” वरून ओरडून विचारलं त्यांनी.

तेव्हा मी पाहिलं, त्यांचा एक हात स्वतःच्या कंबरेवर होता. सदऱ्याखाली पट्टा बांधलेला दिसत होता.

पुढे त्यांच्या कंपाउंडरकडून सगळं कळलं. बिचारा भला माणूस, मला सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही. मोठी गाडी वगैरे काही नव्हतं. त्या गाडीने डॉक्टरांची पाठ कामातून गेली होती म्हणून ती विकायला काढली होती. आणि आता ते दवाखान्यात बसून आल्या-गेल्याला सांगत होते, “मी गाडी नाही विकली हो, कंबरदुखी विकली. आणि घेतली कोणी? आमच्या बाईंनी!”

सगळं गिरगाव हसत होतं. मी घरी येऊन चटईवर उताणी पडले आणि छताकडे बघत ठरवलं, की आता तर गाडी विकायचीच नाही.

संधी आपणहून चालत आली, अक्षरशः चालत. एका हरताळाच्या दिवशी दुपारी मी दवाखाना आवरत होते. दारात डॉक्टर उभे. परळच्या हॉस्पिटलात सकाळी कुणा नातेवाइकाला बघायला आले होते आणि तेवढ्यात सगळं बंद झालं होतं. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. भर उन्हात लालबागपर्यंत चालत आले होते, चेहरा पांढरा पडला होता.

“बाई, गिरगावात जायची काही सोय होईल का?”

“होईल की. मी सोडते तुम्हाला.”

त्या गाडीचे दणके त्यांना आठवले असावेत. त्यांनी बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “नको, मी थोडा बसतो. मग बघू.”

“संध्याकाळी कर्फ्यू लागेल म्हणतात. चला, डॉक्टरसाहेब. तुमचीच तर गाडी.”

बसायला त्यांना बराच वेळ लागला. मी घाई केली नाही. काचेवर लाल क्रॉसचा कागद चिकटवला आणि निघाले. पहिल्याच नाक्यावर आमच्याच चाळीतल्या तरुणांनी अडवलं. मला पाहून म्हणाले, “डॉक्टरीणबाई, जा तुम्ही. हे कोण, पेशंट?”

“हो. कंबरेचे.”

“मग त्यांनी एक घोषणा द्यायची. उभं राहून!”

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी समोर बघत राहिले. दोन्ही हातांनी काच धरून ते उठले आणि म्हणाले, “संयुक्त महाराष्ट्र...” “झालाच पाहिजे!” पोरांनी पुढचं म्हटलं आणि वाट दिली. खाली बसताना ते कण्हले ते मी ऐकलं.

रस्ता रिकामा होता. मी कुठूनही जाऊ शकत होते. मी ट्रामच्या रुळांवरून गेले. चिंचपोकळी, भायखळा, जिथे फरसबंदी उखडलेली तिथून, जिथे मोर्चाचे दगड पडलेले तिथून. सावकाशही नाही आणि फार जोरातही नाही. दणका नेमका कुठल्या वेगात लागतो ते आता मला पाठ झालं होतं.

“बाई, जरा... कडेने घ्या.”

“कडेला काचा आहेत, डॉक्टरसाहेब.”

“तुम्ही मुद्दाम करताय.”

“गाडीच अशी आहे. तुम्ही चालवली आहे ना.”

मग ते डोळे मिटून दारावरची कड घट्ट धरून बसले. प्रत्येक दणका त्यांच्याबरोबर मलाही बसत होता, कंबरेतून पायापर्यंत वीज जात होती. तरी सांगते, आयुष्यात इतका सुखाचा प्रवास मी केलेला नाही.

गिरगावात त्यांना सीटमधून उठताच येईना. वाडीतली माणसं धावली. चौघांनी उचलून त्यांना दवाखान्यात नेलं आणि पडद्याआडच्या टेबलावर निजवलं. त्यांना तपासणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी तपासलं. पडद्याबाहेर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, निदान सांगितलं: फळीवर पडून राहायचं, महिनाभर उठायचं नाही. कंपाउंडरने चहा आणला. मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसून तो प्यायले, आणखी एक कप मागितला, तोही प्यायले.

परत येताना मात्र मी हळू आले. त्यानंतर आठवडाभर मीही चटईवरच होते. आईने तेल गरम करून कंबरेला चोळलं आणि सगळी हकीकत ऐकली. चोळता चोळता मध्येच थांबून तिने विचारलं, “त्येका लागला तसा तुकाय लागला मां?”

“लागला.”

“मग बरा,” ती म्हणाली, आणि पुन्हा चोळायला लागली. त्या ‘बरा’चा अर्थ मी तिला विचारला नाही.

गाडी भावाने एका सिनेमा कंपनीला विकून टाकली. त्यांना ती नुसती उभी करून तिच्यात नायिकेला बसवायची होती.

मी उठून दवाखान्यात जायला लागले तेव्हा एक दिवस गिरगावचा कंपाउंडर आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. रबरी गादी निघाली, चांगली जाड, वर हिरवं चामडं शिवलेलं. गाडीतल्या ड्रायव्हरच्या सीटवर घालायची. विकताना डॉक्टरांनी ती काढून ठेवली होती.

“साहेबांनी पाठवलीय,” तो म्हणाला. “म्हणाले, गाडीबरोबर द्यायची राहून गेली.”

“ते उठले का?”

“नाही अजून.”

मी त्याला चहा दिला. निरोप काही दिला नाही. त्याने दारातून वळून दोनदा विचारलं, “साहेबांना काय सांगू?” मी म्हटलं, काही सांगू नकोस. गादी मी वर नेऊन आईला दिली. तिने ती हाताने दाबून पाहिली, चुलीपुढच्या पाटावर टाकली आणि तिच्यावर बसून तांदूळ निवडायला घेतले.