बाबांसाठी वेगळी आंघोळ

बाबा नागपूरहून माझ्याकडे विलायतेत, बेसिंगस्टोकला राहायला आले, तेव्हा परतताना वाट वाकडी करून त्यांना जपान दाखवायचं ठरलं. तिथली बुद्धविहारं बघायची त्यांची फार जुनी इच्छा. मला हौस होती ती जुन्या पद्धतीच्या जपानी सराईत राहायची. चटईवर गादी, खोलीत जेवण आणि गरम झऱ्याच्या पाण्याची आंघोळ.

बुकिंग काही दोन क्लिकमध्ये होईना. सराईच्या मालकीणबाईंचे मेलवर मेल येत. किती वाजता पोचणार, कारण जेवण सहाला वाढतात. कच्चा मासा चालेल का. उंची किती, म्हणजे घरात घालायचा झगा मापाचा ठेवता येईल. शेवटी आंघोळीचं: पुरुषांचा हौद निराळा, बायकांचा निराळा, कपडे काढून सगळे एकाच पाण्यात उतरतात. खाजगी हौद हवा असल्यास आधी कळवावं.

बाबांसाठी खाजगी, असं लिहून मी मोकळी झाले. मी बायकांच्या बाजूला असणार. तिकडे बाबा एकटे मोठ्याने खाकरणार, बनियन तिथेच धुवायला काढणार आणि लोक बघत राहणार. सरळ सांगायचं तर मला त्यांची लाज वाटत होती.

रविवारी चहा घेताना मी त्यांना सगळा बेत सांगितला, जरा ऐटीतच.

"आणि बाबा, तुमच्यासाठी सेपरेट बाथ अरेंज केलाय."

बाबांनी कप खाली ठेवला. "वेगळं पाणी? त्यांनी सांगितलं का तसं?"

"नाही हो. ते म्हणतात, सगळ्यांबरोबर चालेल."

"मग वेगळं काहून?"

त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. कोणीतरी वरून पाणी ओतायचं आणि हे खाली ओंजळ धरून उभे. इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात हेच माइकवर सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. आणि आता एक परकी बाई त्यांना सगळ्यांच्या पाण्यात बोलावत होती, तर मीच नको म्हणून कळवलं होतं. माझे कान तापले.

"मी मागितलं," मी म्हटलं. "तुम्हाला ऑकवर्ड होईल असं वाटलं."

"मला, की तुला?"

मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला आणि खाजगी हौद नको असं लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, सोबत नियम. आधी छोट्या स्टुलावर बसून अंग घासायचं, साबण पुरता धुऊन काढायचा, मगच हौदात उतरायचं.

"हे सगळ्यांनाच ना?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांनाच."

मग त्यांनी नियम मला पुन्हा वाचायला लावले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर किचनमधलं स्टूल जागेवर नव्हतं. बाथरूमचं दार बंद आणि आत पाण्याचा आवाज. टब भरून बाबा तालीम करत होते. माझी चाहूल लागताच आतून हाक आली.

"साबण निघाला पुरा. आता उतरू का पाण्यात?"

थट्टेतच विचारलं होतं त्यांनी. मी पर्स धरून दाराबाहेर उभी राहिले. 'उतरा' म्हणायचं, तर पाण्यात उतरायची परवानगी देणारी मी कोण?