साहेबांनी हात पुढे केला

निजामाच्या अमलात नांदेडला आम्ही कसरतीचे मास्तर व्हायला शिकत होतो. माझ्या शेजारी बसणारा गडी उदगीरच्या तालमीतला. वर्गाच्या दारातून तो तिरका होऊनच शिरायचा. काहीही विचारा, उत्तर एकच: "सांगाया येत न्हाई, दाखवू का?" हातात हात आला की कुस्ती लागली, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की आम्ही त्याला लांबूनच रामराम करायचो.

तोंडी परीक्षेला हैदराबादहून साहेब आले. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर याला विचारलं, "कसरतीत पोरगा उताणा पडला, तर इजा होऊ नये म्हणून काय कराल?"

गड्याला 'दाखवू का' म्हणायचीही हिंमत होईना. शेवटी साहेबांनी हसून, "ठीक है, जाओ," म्हणत निरोपाला हात पुढे केला.

आम्ही ओरडेपर्यंत साहेब चितपट!

टोपी गडगडत दारापर्यंत गेली. हसू दाबून आमची पोटं दुखायला लागली. साहेबांचं डोकं मात्र जमिनीला टेकलंच नव्हतं. खाली याचा रुंद पंजा होता.

"लागलं न्हाई न्हवं, साहेब?" तो रडकुंडीला आला होता.

साहेब पडल्या पडल्याच म्हणाले, "जवाब सही है."

सनद देताना मात्र त्यांनी ती टेबलावर ठेवली, आणि चार पावलं मागं सरून लांबूनच आदाब केला.