दाढेखालची तूर

मी लातूरच्या एका दाल मिलमध्ये तूर पारखते. ओल मोजायचं यंत्र आहे, पण मालक आधी माझ्या तोंडाकडं बघतात. दाणा दाढेखाली घ्यायचा. कट् करून फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. वीस वर्षं हेच करत आले.

त्या पावसाळ्यात आफ्रिकेतल्या एका मित्रदेशाची माणसं मिल बघायला येणार होती. त्यांची तूर घ्यायची का, हे मालक त्या दिवशी ठरवणार. अहमदपूरहून माझ्या थोरल्या भावाचे सकाळपासून चार फोन. भाव चढेल म्हणून दादानं तूर घरातच ठेवलेली. बाहेरचा माल आला की भाव पडणार, ही त्याची धास्ती. "ओली हाय म्हण," एवढंच टुमणं. माझा जीव नुसता वर-खाली. चहा गार झाला, दोनदा भलत्याच पोत्यावर खूण केली.

पाहुणे आले. त्यांच्यासंगं आलेले सरकारी साहेब दोन देशांच्या मैत्रीवर लई बोलले. मला मेलीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पाहुण्यांत एक शेतकरीण होती, माझ्याच वयाची, बोटांना भेगा पडलेल्या. तिनं पिशवीतून मूठभर तूर काढून माझ्यापुढं धरली आणि आधी स्वतःच एक दाणा चावला. अगं बाई, अगदी माझ्यासारखाच! मग माझ्याकडं बघत राहिली. तिचेही पाय एका जागी ठरत नव्हते.

मी चावला. कट्.

मालकांनी विचारलं, "काय बाई?"

"वाळलेली हाय. चांगली हाय."

दादानं बोलणंच टाकलं. दसरा झाल्यावर एक दिवस टेम्पो घेऊन मिलच्या दारात उभा. मी त्याची तूर दाढेखाली घेतली आणि दाणा दबला. पावसाळाभर पोती भिंतीला लावून ठेवल्यावर दुसरं काय होणार? मालक बघत होते. दादा हळूच म्हणाला, "परक्यांची चांगली म्हणलीस, आता माझी बी म्हण."

मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "न्हाई दादा. ऊन दाखव तिला."

तो टेम्पो घेऊन परत गेला. भाऊबीज तोंडावर आली होती. माहेर तुटलं, असंच धरून मी दिवस काढत होते. घरात बसवेना, मिलमध्ये मन लागेना.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी टेम्पो पुन्हा आला. दादा उतरला, मूठभर तूर घेऊन माझ्याकडं चालत आला, आणि मी हात पुढं करायच्या आत त्यानंच एक दाणा चावला. आवाज मला लांबूनच ऐकू आला.