पाहुण्यांना शेवटी

माझ्या आत्याच्या घरी पाहुण्यांना शेवटी वाढत. माणसांचं म्हणत नाही मी. माणसाच्या हातात तर त्याने चप्पल काढायच्या आधी ती चहा द्यायची. हे पाहुणे म्हणजे बारामतीच्या प्राणी-निवाऱ्यातून सांभाळायला आणलेली मांजरीची पिल्लं. जरा मोठी झाली की ती कुणाच्या तरी घरी कायमची जायची. तोवर त्यांचा मुक्काम इंदापूरला, आत्याच्या परसातल्या खोलीत. घरची मांजरं दोनच. दिवसभर दिवाणावर पसरलेला म्हातारा बोका, त्याचं नावच दिवाण. आणि तरुण, भांडखोर बिजली.

"आधी घरचे, मग पाहुणे," असं आत्या म्हणायची, आणि रोज सकाळी तसंच वागायची. पिल्लं कुठल्या उकिरड्यावरून काय घेऊन आली असतील ते दिसत नाही, म्हणून दिवाण-बिजलीचं खाणंपिणं आधी उरकायचं. मग परसात जायचं. खोलीच्या दारामागे एक विटका गाऊन आणि रबरी चपला असत. आत जाताना ते चढवायचं, निघताना तिथेच उतरवायचं. पिल्लांची भांडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घालायची. त्यानंतर हातपाय धुऊन, लुगडं बदलून मगच ती घरात येई. शेजारची शालन कुंपणावरून हसायची. "बाई, आमच्या सासूनं सोवळं सोडलं आन् तुमी मांजरांचं धरलं व्हय?" आत्या जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होती, त्यामुळे सगळं गाव तिला बाई म्हणे.

"लाड कुणीही करतं गं," आत्या म्हणायची. "सांभाळणं निराळं."

हे निराळं काय, ते मी एकदाच जवळून पाहिलं. त्या वेळी खोलीत तीन पिल्लं होती. बिजलीला लस दिलेली होती. दिवाणची द्यायची होती, पण त्याला ताप होता आणि तो उतरल्याशिवाय डॉक्टर सुई लावायला तयार नव्हते. आत्याने निवाऱ्यात फोन केला, पिल्लं थोडे दिवस परत न्या म्हणून. तिकडून उत्तर आलं की तिथेच मांजरांची साथ आलीय, आणलीत तर जगणार नाहीत. आत्याने फोन ठेवला आणि परसाच्या दाराला नवी कडी बसवून घेतली.

चार दिवस बरे गेले असतील नसतील, एक पिल्लू ओकायला लागलं. दिवाणची दूधभाकरी शालनवर सोपवून आत्या पिल्लाला टोपलीत घालून एसटीने बारामतीला आली. मी तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. रजा टाकून तिच्यासोबत दवाखान्यात बसले. तीच साथ निघाली. दिवाणला लागली तर या वयात, या तापात निभावणं अवघड, असं डॉक्टरांनी सांगितलं. साबणाने हा रोग मरत नाही, हेही पुन्हा बजावलं. सलाइन आणि औषधं घेऊन आम्ही दोघी संध्याकाळी इंदापूरला पोचलो.

ओसरीवर दिवाण मन लावून मासा खात होता. त्याची रोजची वाटी कोपऱ्यात उपडी होती, समोर तिच्यासारखीच दुसरी.

"शालन, ही वाटी कुठली?"

"मागच्या मोरीवरची की. दही न्यायला घरी नेली, चांगली घासून. ह्यांनी भिगवणहून चिलापी आणलीती. म्हटलं, बाईंचं भांडं हाय, रिकामं कसं परत द्यायचं?"

गडबडीत निघताना आत्याने पिल्लांची ती वाटी भिजत घातलीच नव्हती. तिने शालनला शांतपणे सगळं सांगितलं. शालनने दिवाणकडे बघितलं. "म्या मारला का वो त्याला?"

"अजून मासा खातोय तो. आत्ताच कशाला रडतेस?" आत्या म्हणाली. मग म्हणाली, "रीत तू पाळलीस. एकसारखी भांडी ठेवली ती मी."

त्यानंतर तिने जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. आजारी पिल्लांची सेवा करणाऱ्या हातांनी दिवाणला शिवायचं नाही, हा तिचाच नियम होता. बिजलीला तिने माझ्यासोबत बारामतीला पाठवलं आणि दिवाणसाठी नवीन भांडी काढून ती शालनच्या हातात दिली. "पिल्लांचं मी बघते. दिवाण तुझा." ज्या हातून चूक झाली त्याच हातात तिने घरचा सगळ्यात जुना जीव दिला. शालन घरचं स्वयंपाकपाणी सुनेवर टाकून ओसरीवर ठाण मांडून बसली. आत्या परसातून खिडकीशी येऊन विचारायची, "खाल्लं का गं त्यानं?" ओसरीवरून उत्तर यायचं, "खाल्लं, बाई. वर मलाच चावलं."

आजारी पिल्लाने आत्याच्या मांडीवर जीव सोडला. उरलेली दोन सलाइनवर तगली. त्यातलं एक आता माळेगावला कारखान्याच्या वसाहतीत ऐटीत राहतं. रोग दिसायची डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटली, दिवाणचा ताप उतरला, त्याला काहीही झालं नाही, आणि सुई टोचली तेव्हा तो डॉक्टरांवर असा गुरगुरला की आत्या कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

पुढच्याच बाजारच्या दिवशी ती मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. पिल्लांच्या वाट्यांवर तिला नाव घालून हवं होतं.

"काय नाव घालू, बाई?" दुकानदाराने यंत्र हातात घेतलं.

"पाहुणे."

"आन् आडनाव?"

"ते अजून ठरायचंय," आत्या म्हणाली.

या हिवाळ्यात आत्या गेली, दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. परसातल्या खोलीत तेव्हाही दोन पिल्लं होती. तेराव्याला पुण्याचा माझा चुलतभाऊ आला. तो बूट घालून थेट परसाकडे निघाला. आत्याची पिल्लं बघतो म्हणाला, मग दिवाणला जरा मांडीवर घेईन. शालन वाढता वाढता पळीसकट दारात आडवी उभी राहिली.

"दादा, आधी दिवाणजींना भेटा. पिल्लं शेवटी."

"अहो, नुसतं बघतो."

"न्हाय. बाईंच्या घरात पाहुण्याला शेवटी वाढत्यात."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी दिवाणकडे बोट दाखवलं. तो येऊन दिवाणच्या शेजारी बसला.

पंगती उठल्यावर शालनने हात धुतले, दारामागचा गाऊन चढवला, रबरी चपला घातल्या. गाऊन तिला लांब होतो, म्हणून तिने खाली दुमड घालून टाके मारलेत. नाव घातलेल्या वाट्या घेऊन ती आत गेली आणि कडी लावली. आतून पिल्लांचा गलका ऐकू आला. मलाही आत जावंसं वाटत होतं. पण दिवाण माझ्या मांडीवर होता, म्हणून मी परसदाराच्या उंबऱ्याच्या अलीकडेच बसून राहिले.