एकवीस मोदकांची कबुली

गणपतीवरचा माझा विश्वास उडाला होता आणि समुपदेशक मुलीवर तो बसलाच नव्हता. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. लखनौच्या आमच्या मराठी मंडळात आरतीचा पहिला आवाज माझा असायचा. आता मी नुसते ओठ हलवत होतो. एक गोष्ट मी देवाला रोज सांगत होतो आणि देव गप्प होता. झोपही गेली, तेव्हा डॉक्टरांनी जानकीपुरममधल्या एका समुपदेशकाचा पत्ता दिला. समुपदेशक नेमकी मराठी निघाली! इथे आपण मूठभर. शहराच्या एका टोकाला अमौसीत कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला चिनहटमध्ये काढा उकळतो. माझं गुपित हिच्या पोटात किती दिवस राहणार?

"मला काका म्हण, बेटा," मी पहिल्याच दिवशी गोड सूर लावला.

"जी नहीं, नावानेच बोलावेन," ती हसून म्हणाली. "आणि बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवली, तर सिर्फ नमस्ते."

मी नेलेला लखनवी चिकनकारीचा दुपट्टाही तिने हात जोडून परत केला. भेट नाकारणारा माणूस मला भारी संशयास्पद वाटतो. म्हणून मी सापळा लावला. गेल्या वर्षी नैवेद्याचे एकवीस मोदक आरतीच्या गडबडीत गायब झाले होते आणि मंडळ वर्षभर चोर शोधत होतं. चेहरा पाडून, आवाज कापरा करून मी तिला सांगितलं, "ते मीच खाल्ले." साफ खोटं! म्हटलं, आता बघू हे कुठून परत येतं.

गणेशोत्सवात ती आईबरोबर मांडवात आली. अध्यक्षांच्या वहिनी नैवेद्याच्या ताटापाशी पहारा देत होत्या. "चोर याच मांडवात आहे!" त्या गरजल्या, आणि तिच्याकडे वळल्या. "काय गं, तुझ्याकडे येतात ना आपले लोक? कोणी काही बोललं?"

मी हळूच खांबाआड सरकलो.

"मौसी, कोण येतं, काय बोलतं, ते मी आईलासुद्धा सांगत नाही. मोदक द्या ना."

माझ्याकडे तिची पापणीसुद्धा वळली नाही. मी चडफडलो, मग ओशाळलो. आणि का कोण जाणे, मान वर करून मूर्तीकडे पाहिलं. तोच शांत चेहरा, तेच मोठे कान.

दोन दिवसांनी तिच्यासमोर बसून मी म्हणालो, "मोदक मी खाल्ले नव्हते." ती रागावली नाही. "अच्छा. मग खरं काय आहे?"

खरं हे होतं, की पत्नीने शेवटचा श्वास घेतला तेव्हा मी तिच्या उशाशी नव्हतो. भीतीने बाहेर पळून आलो होतो आणि व्हरांड्यात लोकांना किस्सा सांगत होतो. हशा पिकला, आणि त्याच क्षणी नर्सने दार उघडलं. हे मी प्रथमच माणसासमोर बोललो. मनसोक्त रडलो. वेळ संपल्यावर तिने पाणी दिलं, पुढचा मंगळवार दिला. बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी मी आरती म्हटली, फाटक्या आवाजात, मोठ्याने. देवाच्या गप्प राहण्याला मी दोन वर्षं पाठ फिरवणं समजत होतो. तो माझं बोलणं जपत होता. ते एकवीस मोदक कोणी खाल्ले, हे गजाननाला पक्कं ठाऊक आहे. तो सांगत नाही. म्हणून तर आता मी त्याला सगळं सांगतो.