मिठाच्या पाण्यातली गोगलगाय

समुद्री गोगलगायींचा सर्वे करायला मी अंदमानला चालले आहे, हे मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना सांगितलं, तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"गोगलगायीवर मीठ टाकलं का ते मरते," ते म्हणाले. "अन् तू तिले मिठाच्या पाण्यात शोधाले चालली? काहून वं, मस्करी करून राहिली का?"

बाबांनी जन्मभर कामठीकडच्या शेतात कपाशी घेतली. पावसाळ्यात पिकं कुरतडणारी गोगलगाय तेवढी त्यांच्या ओळखीची. मी मोबाइलवर फोटो दाखवले. एक निळ्या पट्ट्यांची, एक केशरी काठाची, एक पाठीवर कल्ल्यांचा तुरा मिरवणारी. शंखाचा पत्ता नाही, पण नटणं असं की लग्नघरच्या करवल्या फिक्या पडाव्यात. बाबांनी आईला बोलावून सगळे फोटो पुन्हा पाहिले, आणि मी गेल्यावर महिनाभरात तेही तिकीट काढून हजर झाले. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

आमचं काम दिसायला सोपं. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात वाकायचं, आखून घेतलेल्या पट्ट्यातला एकेक दगड उचलून पाहायचा, सापडेल ती गोगलगाय मोजायची, फोटो काढायचा, दगड होता तसा परत. आमचे बंगाली सर, एक तमिळ मैत्रीण आणि मी. तिघांच्याही कंबरा धरल्या होत्या आणि सापडलेल्या जातींची यादी गेल्या चार दिवसांत एका नावानंही पुढे सरकली नव्हती.

आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी बाबा पँट दुमडून, डोक्याला दुपट्टा बांधून पाण्यात उतरले. दहा मिनिटांत त्यांनी सरांना थांबवलं.

"साहब, पत्थर उल्टा रख दिया आपने. नीचेवालों का घर धूप में आ गया."

हेच भाषण सर आम्हाला रोज द्यायचे. त्यांनी मुकाट्यानं दगड फिरवला. मैत्रीण दुसरीकडे तोंड करून हसत होती.

मग बाबांनी मला विचारलं, "हे खातात काय?"

"कोणी स्पंज, कोणी शेवाळ. ज्याचं त्याचं ठरलेलं."

"मंग जेवाच्या जागी पाहा ना! दगडाखाली काय ठेवलं आहे?"

"शेवाळही पाहिलं काल, बाबा."

"वरून पाहिलं असंन."

ते हिरव्या शेवाळाच्या गालिच्याशी जाऊन वाकले. कपाशीचं पान उलटून बोंडअळीची अंडी शोधावीत तसं एकेक पातं बोटानं उलटू लागले. मी थोडी वैतागलेच. पाहुणा माणूस, करू दे, म्हणून पुढचा दगड उचलला.

थोड्या वेळानं हाक आली. "इकडे ये वं. हे पान चालून राहिलं."

खरंच चालत होतं. तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय, थेट शेवाळाच्याच रंगाची, पुढे दोन इवलीशी शिंगं. सर इतक्या घाईनं वाकले की त्यांचा चष्मा पाण्यात पडला. आम्ही दोघी ओरडत सुटलो.

"म्हणजे कोणीच पाहिली नव्हती अशी आहे का?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही. शास्त्राला माहीत आहे. आपल्या यादीत नव्हती."

"मंग एवढं काहून नाचून राहिले?"

म्हणाले तसं, पण आपल्यासमोर वहीत नोंद करायला लावली. 'शोधणारा' या रकान्यात सरांनी गंभीरपणे लिहिलं: पिताजी.

लहानपणी सुटीत ते मला शेतावर न्यायचे. कपाशीची पानं उलटत एका ओळीला तासभर लावायचे, आणि मी बांधावरून "चला ना बाबा" म्हणून जीव खायची. त्या सकाळी मी त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीनं, न बोलता सरकत राहिले. भरतीचं पाणी चढेपर्यंत तसल्याच आणखी दोन सापडल्या. त्यातली एक मला.

परतल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "काय मग, जेल पाहिली का अंदमानची?"

"नाही ना गा, राहूनच गेली," बाबा म्हणाले. "सर्वेतून टाइमच नाही भेटला."