पानातले रंग तपासणारे काका

आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या एकाही हलवायाला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सुखानं धंदा करू दिला नाही. त्यांची उभी हयात गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये रंग तपासण्यात गेली. शेडमध्ये केसभर फरक दिसला की गाडी माघारी! निवृत्तीनंतर कंपनी सुटली, नजर काही सुटली नाही. लाडू हातात आला की ते तो उजेडात नेत, पांढऱ्या कागदावर ठेवत, मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "राव, हा पिवळा स्कूटरला शोभतो, पोटाला नाही." पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं घाबरत. मी मात्र हटकून बसायचो.

चुका त्यांच्याही होत. एकदा सत्यनारायणाला आमच्या हिनं शिऱ्यात केशर घातलं होतं. काकांनी चिमूटभर प्रसाद पेल्यातल्या पाण्यात टाकला, पाणी पिवळं झालं आणि भर पूजेत काका गरजले, "रिजेक्ट!" भटजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिनं आतून केशराची डबी आणून त्यांच्यापुढे आपटली. काकांनी ती हुंगली, उठून सगळ्यांसमोर हात जोडले. "सूनबाई, तपासणी चुकली. शिक्षा म्हणून अजून दोन वाट्या वाढ." दोन्ही वाट्या त्यांनी चाटूनपुसून संपवल्या.

आम्ही हसायचो खरे, पण माझी मुलगी मनू पहिलीत असताना रोज संध्याकाळी पोट धरून बसू लागली, तेव्हा आमचं हसू पळालं. अभ्यास टाळते म्हणून मी तिला रागावलोसुद्धा. त्याची अजून लाज वाटते. काकांनी तिला फक्त जीभ दाखवायला सांगितली. जीभ हिरवीगार! शाळेबाहेरच्या रंगीत गोळ्या बाईसाहेब रोज खात होत्या. डॉक्टर म्हणाले, "असे रंग सगळ्यांनाच बाधतात असं नाही, पण हिला सोसत नसावेत. बंद करून बघा." बंद करणार कोण? काकाच. रोज ते गेटवर उभे राहत आणि मनू बसमधून उतरली की हुकूम सोडत, "जीभ!" महिन्याभरात तिचं दुखणं थांबलं. त्यानंतर काहीही खाण्याआधी ती त्यांच्याकडे वर धावायची.

काकू गेल्या आणि मुलानं काकांना कॅनडाला नेलं. मला त्यांची फार आठवण येते. आता पंगतीत माझ्या पानाकडे कोणी संशयानं बघत नाही, आणि खरं सांगतो, जेवणात मजा येत नाही.

परवा मनूच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणीनं गुलाबी केक आणला. मनूनं सुरी खाली ठेवली आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. "आजोबा, हा चालेल का मला?" काकांनी चष्मा चढवला. "जवळ आण. अजून जवळ. जरा तिरका धर." बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "मने, स्क्रीनवर शेड कळत नाही गं. मी तिथंच असायला पाहिजे होतं."

केक कापायची घाई मग कोणीच केली नाही.